गिअरबॉक्सच्या तळाचं बूच

पावसाळ्यात उत्तर कोलकात्यातल्या ठनठनियाला तासभर धो धो पडला की रस्त्याचा ओढा होतो. पिवळी अँबॅसेडर टॅक्सी त्यातूनही वाट काढायची. तिचा हिशोब मात्र दुसऱ्या दिवशी मिस्तिरीकडे चुकता व्हायचा. तो गाडीखाली सरकायचा, गिअरबॉक्सच्या तळाचं बूच पान्यानं जरासं सैल करायचा आणि पहिले चार थेंब तळहातावर घ्यायचा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत शिरलं असेल तर आधी तेच टपकणार. गाडी तशीच दिवसभर पळाली असेल तर तेल दुधाच्या चहासारखं होऊन येणार.

बंद पेटीत पाणी शिरतं कसं? चालून तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि हवेसाठी ठेवलेल्या बारीक भोकातून, झिजलेल्या सीलमधून पाणी ओढून घेते. सखल कोलकात्यात गिअर ऑइल तपासायची वेळ गाडीच्या पुस्तिकेनं जेवढी ठरवली, तेवढीच पावसानंही ठरवली.

ही गाडी कोलकात्याच्या दाराशीच तयार व्हायची. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ साली गुजरातेत ओखा बंदराजवळ सुरू झाली आणि १९४८ साली हुगळी जिल्ह्यातल्या उत्तरपाड्याला आली. तिथल्या रेल्वे स्टेशनाचं नावही हिंदमोटर. हिंदुस्तान मोटर्सच्या स्थापनेनंतर दोनच वर्षांनी, १९४४ साली, वालचंद हिराचंदांनी मुंबईत प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी केली. पुढे मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी प्रीमिअरची फिआट आणि पद्मिनी धरली, तर कोलकात्याच्या टॅक्सी संघटनेनं १९६२ साली अँबॅसेडर पत्करली.

अँबॅसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. १९५७पासून ती उत्तरपाड्यात बनू लागली. चार गिअर आणि दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, म्हणून पुढच्या सलग बाकावर तिघं मावायचे. पहिल्या गिअरला वेग जुळवून देणारा सिंक्रोमेश नव्हता. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारायचा, नाहीतर दातांचा असा खरखराट की मागचा उतारू दचकावा. बाकीच्या गिअरांत वेग जुळवायचं काम पितळी कड्या करायच्या. तेलाची खरी गोष्ट या कड्यांपाशी सुरू होते.

त्या काळच्या ब्रिटिश कंपन्या आपल्या बऱ्याच गिअरबॉक्सांत इंजिनाचंच तेल घालायला सांगत. मॉरिस मायनरच्या बॉक्सला एसएई ३० दर्जाचं तेल चाले. एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये तर पायाखालचा गालिचा उचलून रबरी बूच काढायचं आणि बसल्या जागी तेलाची पट्टी बघायची. ज्या गाड्यांत पट्टी नाही, तिथे बाजूचं बूच हेच माप. गाडी सपाटीवर उभी करायची, बूच काढायचं, करंगळी आत घालायची. तेल भोकाच्या खालच्या कडेशी लागलं तर पुरेसं आहे. कमी असेल तर काठावरून ओघळेपर्यंत भरायचं.

मागच्या अॅक्सलचं गणित वेगळं. तिथे दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळलेलं जाड तेल लागतं. गॅरेजच्या भाषेत हे ‘नव्वद नंबर’. यातल्या तिखट जातीचं तेल जुन्या गिअरबॉक्सात गेलं तर गरम गंधक पितळ खातो आणि त्या कड्या हळूहळू झिजतात. तेल काढताना त्यात सोनेरी चुरा चमकला, की जाणता मिस्तिरी आधी कोणता डबा ओतला होता ते विचारतो.

डब्यांची या शहराला कधीच वाण नव्हती. १८६७ साली दोन स्कॉटिश माणसांनी इथे सुरू केलेली बामर लॉरी पुढे ग्रीस आणि वंगण बनवू लागली. ‘वीडॉल’ विकणारी टाइड वॉटर ऑइलही कोलकात्याचीच, १९२१ सालची. एवढं असून बंगाली बोलण्यात इंजिनाचं कुठलंही तेल म्हणजे ‘मोबिल’, मग डब्यावर नाव कुणाचंही असो.

सुट्या भागांसाठी मल्लिक बाजार होता. पार्क स्ट्रीटच्या टोकाला असलेल्या या जुन्या बाजारात मोडीत गेलेल्या गाड्यांचे अवयव सुटे होऊन दुसऱ्या गाड्यांत जातात. १९९०च्या दशकात अँबॅसेडरला इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स मिळाला, पण जुन्या गाड्या जुन्याच दातांवर पळत राहिल्या. २००८ साली उच्च न्यायालयानं महानगरातून १५ वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्या हटवायचा आदेश दिला. मे २०१४मध्ये उत्तरपाड्याचा कारखानाच थांबला. त्यानंतर रस्त्यावरच्या प्रत्येक पिवळ्या टॅक्सीची उलटी गिनती सुरू झाली.

तेल बघायची सवय आता उरली ती हौशी मालकांकडे. ‘द स्टेट्समन’ची जुन्या गाड्यांची रॅली १९६८पासून या शहरात भरते. तिथे येणाऱ्या कितीतरी गाड्यांचे मालक आदल्या आठवड्यात हेच करतात. गाडी थोडी फिरवून तेल कोमट करतात, तळाचं बूच काढून ते पातेल्यात सोडतात, बोटांच्या चिमटीत चोळून पितळेचा चुरा शोधतात. मग ताजं तेल भरून एक फेरी मारतात आणि पहिला गिअर गाडी पुरती थांबल्यावरच टाकतात.