संहितेचे माध्यमांतर : भांडारकर संस्थेतील नेतृत्वाचा एक प्रश्न

लोकाश्रयावर चालणाऱ्या विद्यासंस्था संगणकयुगात कशा आल्या, ह्याचा वृत्तांत लिहिताना यंत्रे केव्हा आली व किती पृष्ठांच्या प्रतिमा घेतल्या, एवढेच बहुधा नोंदले जाते. नव्या माध्यमात काय न्यावयाचे व काय मागे ठेवावयाचे, हा निर्णय कोणी घेतला, ह्याची चर्चा क्वचितच होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा इतिहास ह्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

संस्था १९१७ साली स्थापन झाली आणि १९१९ मध्ये आवृत्तीच्या कार्यास आरंभ झाला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी त्यासाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले होते. १९२३ मध्ये ना. बा. उत्गीकर ह्यांनी विराटपर्वाची नमुना-आवृत्ती काढून विद्वानांची मते मागविली. १९२५ मध्ये वि. सी. सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि त्यांनी कामाची फेरमांडणी केली. केंब्रिजमध्ये गणिताचे व बर्लिनमध्ये भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या ह्या संपादकाची शिस्त पाठतुलनेच्या पत्रकांतून स्पष्ट दिसते. चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत आधारभूत श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर, आणि त्याखाली त्या त्या हस्तलिखितातील भिन्न पाठ, अशी ही मांडणी होती. पुण्याबाहेर शांतिनिकेतन व तंजावर येथेही पाठतुलना चालली. पद्धत निश्चित असल्यामुळेच दूरच्या लेखकांच्या नोंदी एकत्र आणता आल्या. संगणकाच्या कोष्टकास आवश्यक असलेली शिस्त येथे यंत्राविना आली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. १९४३ मध्ये सुखटणकर निवर्तल्यावर श्री. कृ. बेलवलकर व नंतर प. ल. वैद्य ह्यांनी धुरा वाहिली, आणि १९६६ मध्ये आवृत्ती समाप्त झाली.

ह्या संहितेचे संगणकीय रूप मात्र प्रथम संस्थेच्या आवारात घडले नाही. क्योतो येथील मुनेओ तोकुनागा व त्यांचे सहकारी ह्यांनी ती टंकित केली. केंब्रिजच्या जॉन स्मिथ प्रभृतींनी ती शोधून सुधारली. आणि १९९९ मध्ये ती संस्थेच्या स्वामित्वाच्या नोंदीसह अभ्यासकांस खुली झाली. बाहेर झालेले काम आपले म्हणून स्वीकारणे आणि पन्नास वर्षांच्या श्रमाचे फळ विनामूल्य हाती देणे, ह्यांस मी नेतृत्वाचे खरे कृत्य समजतो. यंत्रखरेदीचा ठराव त्या मानाने सोपा असतो.

परंतु जे नव्या माध्यमात आले ते मुख्यत्वे स्वीकृत संहितेचे अंग होय. तळटीपांत प्रत्येक हस्तलिखिताच्या संकेताक्षरासह नोंदलेला पाठभेदांचा अफाट संभार त्यात नव्हता. सुखटणकरांच्या दृष्टीने स्वीकृत पाठ हा उपलब्ध पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष होता. पुरावा त्याच पृष्ठावर खाली असल्यामुळे वाचकास संपादकाशी मतभेद व्यक्त करता येत असे. पडद्यावर निष्कर्ष राहिला, पुरावा ग्रंथालयात राहिला. आजचा विद्यार्थी शब्दशोध करून ‘महाभारतात हा शब्द नाही’ असे निःशंकपणे लिहितो, तेव्हा तो शब्द एखाद्या काश्मिरी वा मलयाळी प्रतीत असू शकेल, ही शंकाही त्यास येत नाही.

५ जानेवारी २००४ रोजी जमावाने संस्थेवर हल्ला करून ग्रंथ व हस्तलिखिते यांची नासधूस केली. एकाच वास्तूत साठविलेली विद्या किती असुरक्षित असते, हे त्या दिवशी सर्वांस दिसले. तेव्हापासून हस्तलिखितांच्या प्रतिमा घेणे ही सोय न राहता कर्तव्य ठरले. तरीही प्रतिमा म्हणजे पाठतुलना नव्हे. छायाचित्रातील अक्षर अजून कोणीतरी वाचावेच लागते.

२०२२ मध्ये संस्थेने ‘भारतविद्या’ हा सशुल्क अभ्यासक्रमांचा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. नव्या वाचकवर्गापर्यंत जाण्याचा व उत्पन्नाचा हा मार्ग रास्तच आहे. मात्र अभ्यासक्रमास शुल्क देणारे विद्यार्थी मिळतात; पाठभेदांची कोष्टके भरण्यास असा कोणताही ग्राहक नसतो. तो खर्च नियामक मंडळाने, फलाची घाई न करता, आपण होऊन पत्करावा लागतो. पंतप्रतिनिधींनी दिलेले साहाय्य ह्याच जातीचे होते. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा आवृत्ती पूर्ण होण्यास आणखी पंधरा वर्षे होती.