जागत्या माणसाच्या मज्जातंतूतली सुई

वेदना आणि इतर संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंचा अभ्यास बराच काळ मुक्या प्राण्यांवर झाला. १९२६ साली केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन आणि स्वीडनहून आलेले इंग्वे झॉटरमन यांनी बेडकाच्या स्नायूकडून येणाऱ्या एकाच तंतूतले विजेचे ठोके टिपले. ताण वाढला की ठोका मोठा होत नाही, ठोके भराभर येऊ लागतात, हे तेव्हा उमगलं. १९३२च्या नोबेल पारितोषिकात एड्रियन यांचा वाटा होता. पण त्या बेडकाला काय वाटलं, ते कोण सांगणार?

सांगू शकेल तो माणूसच. १९६०च्या दशकाच्या मध्यावर स्वीडनमधल्या उप्साला इथे कार्ल-एरिक हागबार्थ आणि ऑके वाल्बो यांनी टंगस्टनची बारीक सुई कातडीतून थेट पूर्ण जाग्या माणसाच्या मज्जातंतूत घातली. चीर नाही, भूल नाही. मज्जातंतू कायमचा दुखावेल ही भीती खरी होती, म्हणून सुरुवातीच्या सुया त्यांनी स्वतःलाच टोचून घेतल्या. मला या तंत्राच्या जन्मातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. सुईला बाहेरून कसलाच आधार नसतो. ती मांसातच तरंगत राहते आणि हातानं केसभर पुढेमागे करावी लागते. तंतू सापडला की लाउडस्पीकरमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. या तंत्राचं नाव मायक्रोन्यूरोग्राफी.

पुढे उप्सालातच एरिक टोरेब्यर्क वेदनेच्या मागे लागले. स्पर्शाचे जाड तंतू सेकंदाला तीस मीटरहून अधिक वेगानं निरोप नेतात. जळजळीचे ‘सी’ तंतू जेमतेम एक मीटर. ठेच लागल्यावर आधी कळ येते आणि धुमसणारं दुखणं मागाहून, कारण पहिली कळ नेणारे तंतूही ‘सी’ तंतूंहून वेगवान असतात.

मग त्यांनी सुईचं काम उलटं केलं. ऐकण्याऐवजी तिच्यातूनच अगदी क्षीण वीज सोडायची आणि समोरच्याला विचारायचं, काय वाटतंय? १९९२ साली टोरेब्यर्क, लुंडबर्ग आणि लामोट यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग असाच होता. विजेनं आधी कातडीवर एका जागी नुसता स्पर्श जाणवत होता. त्या जागेशेजारी मिरचीतलं कॅप्सेसिन टोचलं, आणि तीच वीज दुखू लागली. वीज मज्जातंतूतच दिली जात होती, कातडीचा संबंध नव्हता. म्हणजे बदल पुढे, मज्जारज्जू किंवा मेंदूत झाला होता. जखमेभोवतीच्या धडधाकट कातडीला कपडा घासला तरी का दुखतं, याचा उलगडा इथे होतो. दुखणाऱ्यानं तोंडानं सांगितल्याशिवाय हा निष्कर्ष निघालाच नसता.

एकेक तंतू शोधण्यात तासन्‌तास जातात आणि हात तयार व्हायला फार काळ लागतो. म्हणून आजही हे तंत्र मोजक्या प्रयोगशाळांपुरतंच आहे; रुग्णालयातल्या रोजच्या तपासण्यांत ते आलेलं नाही.