डच तांब्यावरचे महाराज

चांद्याच्या कचेरीपासून सिरोंच्याच्या चहाटपरीपर्यंत शिवाजी महाराजांची तसबीर असतेच. तिचं कूळ शोधत गेलं, की गाठ पडते एका डच पाद्र्याशी. फ्रांस्वा व्हॅलेंटाइन त्याचं नाव. १७२४ ते १७२६ या काळात त्याने पूर्वेकडच्या देशांवर पाच जाडजूड खंड छापले. त्यात मोगल बादशहांच्या पंगतीला महाराजांचं तांब्यावर कोरून छापलेलं चित्र आहे. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं. तोवर आपण कुणा इब्राहिमखानाच्या चित्रालाच महाराज समजत होतो.

इथवर फारसं भांडण नाही. भांडण आहे ते मूळ चित्रावरून.

सुरतेची गोष्ट फार लाडकी: तिथे डच चित्रकाराने महाराजांना समोर बसवून चित्र काढलं म्हणे. जानेवारी १६६४ च्या सुरतेच्या लुटीच्या धामधुमीत, डच आपली वखार राखत बसलेले असताना, महाराज चित्रासाठी बैठक मारतील? आणि व्हॅलेंटाइनचा तर जन्मच १६६६ चा!

माझा कौल गोवळकोंड्याला. ॲम्स्टरडॅमचा महापौर निकोलास विटसेन याच्याकडे हिंदुस्थानी राजेरजवाड्यांच्या ४९ चित्रांचा संच होता. तो आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात महाराज आहेत, आणि कलम सरळसरळ गोवळकोंड्याची. असे संच परदेशी गिऱ्हाइकांसाठीच तयार होत. १६७७ मध्ये महाराज गोवळकोंड्याच्या तानाशहा कुतुबशहाच्या भेटीला भागानगरला, म्हणजे हैदराबादला गेले, मुक्काम महिनाभराचा. दरबारी चिताऱ्याने तेव्हा त्यांना डोळे भरून पाहिलं असणार. बाजारातली चित्रं नकलेवरून नक्कल होती, हा आक्षेप मला मान्य आहे; पण पहिली नक्कल कुणीतरी पाहूनच केली ना?

आणि गिऱ्हाईक जवळच होतं: डचांच्या वखारी मछलीपट्टणला होत्या, तशा गोदावरीच्या मुखाकडे पालकोल्लू-नरसापूरलाही. सिरोंच्याजवळ आमची प्राणहिता मिळते ती हीच गोदावरी. धागा ताणलेला आहे, ठाऊक आहे; पण सोडवत नाही. चांद्याच्या गोंड राजाकडून मोगल सरदार दिलेरखानाने १६६७ मध्ये जबर खंडणी उकळली, तरी त्या राजाच्या चेहऱ्याला ॲम्स्टरडॅममध्ये गिऱ्हाईक नसावं.

आता कोरक्याची करामत. गोवळकोंड्याचा चितारी सपाट रंग भरतो, चेहऱ्यावर सावली पाडत नाही. बरोक काळातल्या कोरक्याकडे रंगच नाही. गालाची गोलाई, कापडाची चुणी, सगळं तो पोलादी टोकाने ओढलेल्या रेघांच्या दाटीतून काढतो. शिवाय तांब्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. नक्कल आधी उलटी करून घेतली नाही, तर उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जाते. तेव्हा छापील चित्रावरून कुणी महाराजांना डावखुरे ठरवायला निघालं, तर त्याने आधी विटसेनचा संच उघडावा.