एक वाचतो, दहा ऐकतात

आमच्या घरात पुस्तक नव्हतं. वडील अत्तार. आठवड्याचे बाजार करत कुंकू-बुक्का, काळे मणी विकायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. बाजारातून आले की माल बांधून आणलेला वर्तमानपत्राचा कागद सरळ करून माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "पढ बेटा." मी वाचू लागलो की शेजारचे चार-पाच जण ओट्यावर येऊन बसायचे. बातमी मध्येच फाटलेली असली की पुढं काय झालं असेल यावर वाद रंगायचा. पुढे मी बी. ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो. पण माझं पहिलं वाचनमंडळ ते.

साताऱ्या-सांगलीकडे ही रीत जुनीच. १९४९ पर्यंत, संस्थानांचा भाग सोडला तर, हा मुलूख सातारा जिल्हाच होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पुस्तक नसलेल्या घरातल्या मुलाला बुद्धी कमी नसते, सोबत कमी असते. बोर्डिंगनं भाकरीबरोबर ही सोबत दिली.

पुढं १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथं उभं राहिलं. इंग्रजांशी लढाई चालू असतानाही न्यायनिवाडा, साध्या खर्चाची लग्नं यांच्या जोडीनं गावोगावी ग्रंथालयं काढण्याचं काम कार्यकर्त्यांनी केलं.

याच मुलखातल्या वाटेगावी १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांची शाळा दीड दिवसात सुटली. मुंबईत पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत त्यांनी अक्षरं जुळवली. कामगार वस्तीतल्या सभा, चर्चा आणि चळवळीतले सोबती हीच त्यांची पुढची शाळा झाली. १९५९ मध्ये त्यांची 'फकिरा' आली.

आज पुस्तकांची तशी टंचाई नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं लहान वाचनालयांनाही अनुदानाची वाट मिळाली. २०१७ मध्ये महाबळेश्वर-पाचगणीजवळचं भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं. तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका भरलेल्या दिसतात. पण तिथं शेजारी शेजारी बसलेली पोरं एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येकजण आपापल्या परीक्षेत. यादीत नाव आलं नाही की पोरगा एकटाच घरी जातो.

असाच एक मुलगा आमच्या रविवारच्या वाचनाला येऊ लागला. पोलीस भरतीत तीनदा मागं पडलेला. आईवडील ऊसतोडीला. महिनाभर शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून गप्प बसायचा. एकदा मी त्याच्या हाती 'फकिरा' दिली. अडखळत दीड पान वाचलं त्यानं. कुणी हसलं नाही. पुढच्या रविवारी तीन पानं झाली. मग एका रविवारी तो आलाच नाही. मी दुसऱ्याला वाचायला सांगितलं, तर सातवीतली एक मुलगी पुस्तक मिटून म्हणाली, "सर, दादा आल्याशिवाय फुडं नको."

हा निरोप त्याच्यापर्यंत गेला. पुढच्या रविवारी तो धाकट्या बहिणीला घेऊन आला.

तो पोलीस झाला नाही. गॅरेजमध्ये काम करतो. वाचनमंडळ नोकरी देत नाही, आणि तसं कुणाला सांगूही नये. पण आपल्यावाचून दहा जणांचं पान अडलं, हे ज्याला एकदा कळलं तो स्वतःला वाया गेलेला समजत नाही. यंदा बहिणीनं दहावीचा अर्ज भरला आहे. आणि रविवारी कंदिलाऐवजी मोबाईलच्या उजेडात का होईना, तो वाचतो आणि आम्ही ऐकतो.