वाड्यांखालचे चौल

अलिबागहून रेवदंड्याला जाताना चौल लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारा अरुंद रस्ता, कौलारू घरे. आपण एका जुन्या शहरावरून चाललो आहोत, हे कुणीतरी सांगावे लागते. वाडीतली जमीन मध्येच उंचावते, तिथे विटांचे तुकडे दिसतात, निळसर-हिरव्या झिलईची खापरे निघतात. इंग्लंडमधल्या आक्रसलेल्या मध्ययुगीन गावांचे बुजलेले रस्ते आणि घरांचे चौथरे गवताच्या चढउतारांवरून ओळखतात. आमच्याकडे गवताच्या जागी वाड्या आहेत, एवढेच.

इ.स. 916च्या सुमारास अरब इतिहासकार अल-मसूदी येथे आला. चौलला तो सैमूर म्हणतो. तेव्हा येथे शिलाहार राजा झंझाचा अंमल होता. या बंदरात सुमारे 10,000 मुसलमान राहतात, असे मसूदीने नोंदवले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले हे लोक येथेच लग्ने करून स्थिरावले होते. त्यांचे न्यायनिवाडे त्यांच्यातलाच एक प्रमुख करी, त्याला ‘हुनरमन’ म्हणत. आणि या भूमीवर मुसलमान आईबापांपोटी जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ म्हणत. म्हणजे इथल्या मातीत जन्मलेल्यांसाठी वेगळा शब्द लागावा, इतके ते तेव्हाच होते! ‘तुम्ही कुठून आलात?’ असे आम्हांला आजही विचारले जाते. उत्तर हजार वर्षांपूर्वीच लिहिले गेले आहे.

पुढे चौल दोन झाले. वरचे निजामशाहीचे, खाली रेवदंड्याला 1520च्या दशकात पोर्तुगीजांनी किल्ला बांधला. 1570-71मध्ये मुर्तझा निजामशहाने त्याला महिनोन्‌महिने वेढा घातला, पण तो पडला नाही. 1740मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे गेला. तोवर मुंबईचे बंदर वाढू लागले होते आणि खाडी गाळाने भरत होती. व्यापार गेला, व्यापाऱ्यांमागे कारागीर गेले. मोहल्ल्यांवर बागायत चढली. गाव मेले नाही, आक्रसले.

राजकोटाजवळची मशीद आणि हमामखान्याची घुमटी दालने आज उरली आहेत. इमारतीकडे निदान लक्ष जाते. मातीच्या उंचवट्याला मात्र कुणी वाली नसतो. नव्या घरासाठी जमीन सपाट केली की एका दुपारी तो संपतो. म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली शेता-वाड्यांची, पाखाड्यांची, विहिरींची नावे आम्ही आताच लिहून घेतली पाहिजेत. मसूदी पुन्हा येणार नाही.