'नल' कोण आहे?

गेल्या वर्षी दहावीच्या एका मुलीने शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रिंट माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "सर, ये नल कौन है?"

कागदावर तिचं नाव होतं, वडिलांचं नाव होतं आणि आडनावाच्या जागी रोमन लिपीत 'नल' असं छापलेलं होतं. तिच्या घराण्यात आडनाव नाही. आजोबांनी लावलं नाही, वडिलांनी लावलं नाही. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. मुलीने अर्जातली ती जागा प्रामाणिकपणे रिकामी सोडली होती. 'नल' म्हणजे संगणकाच्या बोलीत 'इथे काहीच नाही'. ते 'काहीच नाही' यंत्राने इमानेइतबारे छापून टाकलं. मग दाखल्यावरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळेना, म्हणून अर्ज परत आला.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणकाशी माझा संबंध हजेरी आणि गुण भरण्यापुरता. पण माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. त्याला फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर आलं : "मामू, टेम्प्लेटची टेस्टच लिहिली नाही कुणी." या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यात माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

टेम्प्लेट आपल्याला नवं नाही. शाळा सोडल्याचा छापील दाखला म्हणजे टेम्प्लेटच. मजकूर ठरलेला, मधे कोऱ्या जागा, त्या लेखनिकाने शाईने भरायच्या. फरक इतकाच की आमचे जुने लेखनिक कोरी जागा भरताना थबकायचे. आडनाव नाही म्हटल्यावर आडवी रेघ मारायचे. वेबसाइटवर जागा भरणारा थबकत नाही.

वेबची पहिली पानं तर कोऱ्या जागांची नव्हतीच. टिम बर्नर्स-ली यांनी 1991 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून जी वेब जगापुढे आणली, तिच्यातलं पान म्हणजे लिहून ठेवलेला कागद होता. जो उघडेल त्याला तेच दिसायचं. 1993 च्या सुमारास सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमने मागणीनुसार पान तयार करून द्यायची सोय झाली. 1995 च्या जूनमध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी आपली पीएचपी ही साधनं लोकांना खुली केली. मूळ हेतू लहानसा होता : इंटरनेटवरचा आपला बायोडेटा कोण पाहून जातं याची नोंद ठेवायची. पण पानाच्या मजकुरातच प्रोग्रॅमच्या ओळी पेरायची ती युक्ती जगभर पसरली. त्यातून असा गुंता झाला की मजकूर कुठे संपतो आणि हिशेब कुठे सुरू होतो, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना. असल्या पानाची तपासणी करायची ती डोळ्यांनीच. ब्राउझर उघडा, बघा, ठीक दिसतंय, पुढे चला.

तपासणीचं काम यंत्रावर सोपवायची कल्पना दुसऱ्या गल्लीत वाढत होती. केंट बेक यांनी 1994 मध्ये स्मॉलटॉक या भाषेसाठी टेस्ट लिहिण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. 1997 मध्ये ते आणि एरिक गामा झ्युरिकहून अटलांटाला एका परिषदेला निघाले होते. विमानात दोघांनी मिळून तीच रीत जावा भाषेत बसवली. तिचं नाव जेयुनिट. कल्पना मास्तरकीच्या फार जवळची आहे. प्रोग्रॅमला प्रश्न द्यायचा, अपेक्षित उत्तर आधीच लिहून ठेवायचं, आणि यंत्राने दोन्ही ताडून बघायचं. जुळलं तर हिरवी पट्टी, नाही जुळलं तर लाल. कोडमध्ये एक ओळ बदलली तरी सगळी प्रश्नपत्रिका काही सेकंदांत पुन्हा सोडवून घेता येते.

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच दिवशी खटकली, आणि अजून खटकते. या रीतीत प्रश्नपत्रिका काढणारा आणि ती सोडवणारा एकच असतो. आमच्याकडे असं केलं तर केंद्र रद्द होईल.

टेम्प्लेट आणि टेस्ट या दोन गोष्टी एकाच घरात नांदायला लागल्या त्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेल्या जँगोमुळे, असं भाचा म्हणतो. रुबी ऑन रेल्सवाले हे मान्य करणार नाहीत, तेही त्यानेच सांगितलं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचं दैनिक आहे. तिथे एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003 मध्ये या कामाला सुरुवात केली. बातमीदारीचं काम, त्यामुळे सगळं आजच्या आज हवं. 2005 च्या जुलैमध्ये त्यांनी ते सगळ्यांना मोफत दिलं आणि गिटारवादक जँगो राइनहार्टचं नाव ठेवलं. पानाची मांडणी करणाऱ्याला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालावं, म्हणून त्यांनी टेम्प्लेटची भाषा मुद्दाम तोकडी ठेवली : कोऱ्या जागा, थोडं जर-तर, थोडी पुनरावृत्ती, बस्स.

आणि एक निर्णय असा घेतला की जो मला थेट त्या मुलीच्या अर्जापाशी घेऊन आला. टेम्प्लेटमध्ये मागितलेली गोष्ट सापडली नाही, तर जँगो ओरडत नाही. गुपचूप जागा रिकामी ठेवून पान पुढे पाठवतं. वाचकाला पानाऐवजी चुकीची सूचना दिसण्यापेक्षा एखादा शब्द गळालेला बरा, हा वर्तमानपत्री शहाणपणा त्यामागे असावा. बातमीच्या पानाला तो शोभतोही. प्रमाणपत्रात मात्र नाव लिहिताना एका अक्षराची चूक झाली, तर नावाची जागा कोरी राहते, पान सुंदर दिसतं आणि कुणालाच काही कळत नाही. गोष्ट सापडली, पण तिच्यात काहीच भरलेलं नाही, असं असेल तर जँगो तिथे 'नन' छापतं. दुसरीकडे तेच 'नल' होतं. डोळ्यांनी तपासणारा माणूस आपलं स्वतःचं नाव घालून बघतो, आणि त्याचं नाव तर पूर्ण असतं.

2007 च्या मार्चमधल्या आवृत्तीपासून जँगोसोबत टेस्टची चौकटच येऊ लागली. तिच्यात एक खोटा ब्राउझर आहे. पडदा नाही, चित्र नाही. तो पान मागतो, आलेला मजकूर हातात धरतो, आणि आपण विचारायचं : या पानात हे नाव आहे ना? 'नन' हा शब्द कुठे नाही ना? हेच टेम्प्लेट वापरलं ना? त्याआधी 2004 मध्ये शिकागोत जेसन हगिन्स यांनी सेलेनियम नावाचं साधन बनवलं होतं. ते खराखुरा ब्राउझर हाकतं, बटणं दाबतं, रकाने भरतं. नाव थट्टेतून पडलं : प्रतिस्पर्धी कंपनीच्या नावात मर्क्युरी म्हणजे पारा होता, आणि पाऱ्याच्या विषावर सेलेनियम हा उतारा.

कोऱ्या जागेत भलतंच काही भरलं तर काय होतं, हे जगाला 4 ऑक्टोबर 2005 रोजी कळलं. एकोणीस वर्षांच्या सॅमी कामकार या मुलाने मायस्पेसवरच्या आपल्या ओळखीच्या रकान्यात मजकुराऐवजी प्रोग्रॅमच्या ओळी भरल्या. मायस्पेसची चाळणी होती, पण तिला त्याने हुलकावणी दिली. जो त्याचं पान बघेल त्याच्या पानावर त्याच ओळी उमटायच्या. वीस तासांच्या आत दहा लाखांवर लोक त्याचे 'मित्र' झाले होते आणि मायस्पेसला दुकान बंद करावं लागलं. या धोक्याचा जाहीर इशारा 2000 च्या फेब्रुवारीतच दिला गेला होता. पण इशारे कोण वाचतं? आलेल्या मजकुरातली कंसांसारखी चिन्हं आपणहून निष्प्रभ करायची पद्धत जँगोने 2008 च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत पक्की केली. रेल्सने ती 2010 मध्ये.

पण त्या औषधाचाही त्रास आहेच. वसईच्या डि'सोझा आडनावातलं वरचं स्वल्पचिन्ह दोनदा निष्प्रभ झालं, की पानावर डि'सोझा असं दिसतं.

मधे एक आळशी रीतही आली. 2016 मध्ये फेसबुकच्या जेस्टने पानाच्या तुकड्याची अख्खी नक्कल जपून ठेवायची आणि पुढच्या वेळी अक्षरशः ताडून बघायची सोय दिली. भाचा म्हणतो, ती नीट वापरली तर चांगली, पण एक स्वल्पविराम हलला तरी पट्टी लाल होते. पाच-सहा वेळा असं झालं की माणूस न वाचताच 'नवी नक्कल मान्य' म्हणून मोकळा होतो. नमुना उत्तराशी शब्द न् शब्द जुळवून पेपर तपासणारे परीक्षक मी पाहिलेत. शेवटी तेही असेच सही करत सुटतात.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर एक छोटा दाखला तयार केला, त्याच्या टेस्टसह. टेस्टमधलं नाव होतं तीन शब्दी : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पट्टी हिरवी. मी म्हटलं, बेटा, हे नाव कुणाचं? तो हसला. पॅट्रिक मॅकेन्झी यांनी 2010 मध्ये, प्रोग्रॅमर लोक नावांबद्दल काय काय चुकीचं गृहीत धरतात त्याची चाळीस कलमांची यादी लिहिली आहे, ती त्याने वाचली होती. तरी स्वतःची टेस्ट लिहिताना त्यालाही तीनच शब्द सुचले. त्याच्या स्वतःच्या आईचं नाव त्यात बसत नाही.

मग वीस वर्षांच्या हजेऱ्या आठवून मी नावांचे अकरा प्रकार सांगितले. आडनाव नसलेलं. एकच शब्द असलेलं. 'शेख' आडनावाच्या जागी नाही तर सुरुवातीला असलेलं. वडिलांच्या नावातच तीन शब्द असलेलं. नुक्ता असलेलं. स्वल्पचिन्ह असलेलं. आणि उर्दू लिपीत लिहिलेलं, ज्याच्यापुढे हजेरी क्रमांक आहे. हा शेवटचा प्रकार माझा खास, कारण डावीकडून उजवीकडे वाचायच्या पानात उर्दू नाव आलं की पुढचा आकडा उडी मारून नावाच्या डावीकडे जाऊन बसतो.

त्याने अकरा नावं टेस्टमध्ये घातली आणि चालवली. चार लाल. उर्दूचं नाव लाल झालंच नाही, कारण मजकुरात आकडा जिथे हवा तिथेच होता. जागा बदलत होती ती पडद्यावर. त्यासाठी खरा ब्राउझर हाकावा लागेल, म्हणाला.

मुलीच्या अर्जाचं मात्र टेस्टने काही झालं नाही. तिच्या वडिलांनी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून दिलं की आपली मुलगी आणि आडनावाच्या जागी 'नल' असलेली ती मुलगी एकच आहे. सोबत शाळेचं पत्र लागलं, ते मी लिहिलं. अर्ज दुसऱ्या खेपेला मंजूर झाला. त्या मंजुरीच्या पानावर आडनावाच्या जागी आता एक टिंब आहे.