मॉडेल कोणी केले?

तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन उरकले की शिक्षकांच्या खोलीत आणि पालकांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास निघते. पहिले आलेले मॉडेल त्या मुलाचे नव्हतेच. वायरिंग काकांनी केले, थर्माकोलचे काम बाहेरून करून आणले, तक्ता सरांनी लिहिला आणि मुलाने पाठ केलेली माहिती परीक्षकांसमोर म्हणून दाखवली. तक्रार पुष्कळदा खरी असते. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र ठरलेला असतो: हल्लीच्या पालकांना बक्षिसाची फार हाव, पूर्वीची मुले आपले आपण करायची. हा निष्कर्ष मला मान्य नाही. शालेय विज्ञान प्रदर्शनाचा इतिहास पाहिला तर मोठ्यांचा हात त्यात पहिल्यापासून आहे. तो मुलाच्या विचाराला लागतो की मुलाच्या मॉडेलला, हे पालकांच्या नीतीपेक्षा स्पर्धा गुण कशाला देते यावर ठरत आले आहे.

या प्रथेचे मूळ शाळेत नाही, औद्योगिक प्रदर्शनांत आहे. न्यूयॉर्क शहरातली अमेरिकन इन्स्टिट्यूट ही संस्था 1828 ची. एकोणिसाव्या शतकात ती यंत्रे, शेतमाल आणि नवे शोध मांडणारी मोठी प्रदर्शने भरवत असे. याच संस्थेने 1928 मध्ये मुलांचे विज्ञान प्रदर्शन सुरू केले आणि साहजिकच मुलांनाही जुन्याच साच्यात बसवले: टेबल, त्यावर वस्तू, शेजारी माहिती, समोर परीक्षक. औद्योगिक प्रदर्शनात वस्तू सुबक आणि चालू स्थितीत असावीच लागते, कारण ती पाहणारा उद्याचा गिऱ्हाईक असतो. शिकणाऱ्या मुलाचे तसे नाही. न चाललेले उपकरण आणि ते का चालले नाही याची नोंद, यांतून मूल पुष्कळ अधिक शिकते. पण चारचौघांत, क्रमांक ठरवणाऱ्यांपुढे, न चाललेली वस्तू मांडायला कोण तयार होईल? वस्तू चाललीच पाहिजे असे ठरले, की शेवटच्या रात्री घरातले मोठे माणूस पक्कड हातात घेणार हेही ठरले.

अमेरिकेने ही अडचण पुढे नियमांत पकडली. 1950 मध्ये फिलाडेल्फियात पहिला राष्ट्रीय विज्ञान मेळा भरला. त्यात अंतिम फेरीची 30 मुले होती. त्याचाच विस्तार होऊन आजचा आंतरराष्ट्रीय विज्ञान आणि अभियांत्रिकी मेळा उभा राहिला, जिथे भारतातलीही मुले जातात. या मेळ्याच्या नियमांनुसार नुसती माहिती देणारे प्रकल्प, एखादे तत्त्व समजावणारी मॉडेल्स आणि तयार संच जोडून केलेल्या वस्तू स्पर्धेला योग्य धरल्या जात नाहीत. दुसरे म्हणजे, प्रत्येक प्रकल्पामागे एक जबाबदार प्रौढ असावाच लागतो आणि त्याने विहित अर्जावर सही करायची असते. काम विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत झाले असेल, तर तिथल्या शास्त्रज्ञाने मुलाने नेमके काय केले हे वेगळ्या अर्जावर लिहून द्यायचे असते. मदत नाकारलेली नाही, ती कागदावर आणली आहे. प्राध्यापकाच्या मुलाला प्रयोगशाळा सहज मिळते आणि इतरांना मिळत नाही, हा आक्षेप तरीही उरतोच, आणि तो गंभीर आहे. पण नोंदलेल्या मदतीबद्दल परीक्षक निदान प्रश्न विचारू शकतो. लपवलेल्या मदतीबद्दल कुजबुजण्यापलीकडे काही करता येत नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर मुलांचे विज्ञान प्रदर्शन एनसीईआरटीने 1971 पासून भरवायला सुरुवात केली. 1988 पासून बरीच वर्षे त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव होते. खाली शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशी पायऱ्यांची रचना आहे आणि महाराष्ट्रातले राज्यस्तरीय प्रदर्शन नागपूरच्या राज्य विज्ञान शिक्षण संस्थेने वर्षानुवर्षे सांभाळले. या प्रदर्शनाचे ऋण मोठे आहे. ज्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट, तिथल्या मुलाने परीक्षानळी पहिल्यांदा हातात धरली ती प्रदर्शनाच्या निमित्ताने, असे कितीतरी गावांत झाले असेल. पण गुणांची विभागणी पाहा. एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांत मुलाच्या स्वतःच्या सर्जनशीलतेला आणि कल्पकतेला 20 टक्के गुण सुचवले आहेत. कारागिरीला 15, कमी खर्च, सहज हलवता येणे आणि टिकाऊपणा मिळून 10, मांडणी आणि निवेदनाला 10. म्हणजे 35 गुण वस्तूच्या देखणेपणाला, टिकाऊपणाला आणि सादरीकरणाला. सुतारकाम येणाऱ्या मामाला आणि निवेदन बसवून घेणाऱ्या आईला हे गुण मुलासाठी सहज मिळवता येतात. वैज्ञानिक विचाराला 15 गुण आहेत, पण गजबजलेल्या सभागृहात काही मिनिटांत विचार तपासणे अवघड. कारागिरी लांबूनही दिसते. अशा तक्त्यापुढे उभा असलेला पालक मोहात पडतो असे म्हणण्यापेक्षा तो तक्ता नीट वाचतो असे मी म्हणेन. महाराष्ट्राच्या प्रदर्शनांत शिक्षकांनी केलेल्या शैक्षणिक साधनांचा आणि प्रयोगशाळा सहायक व परिचरांच्या उपकरणांचा स्वतंत्र गट असतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रौढांचे कसब तिथे उघडपणे, त्यांच्याच नावावर मांडले जाते. घरातल्या मोठ्यांच्या कसबाला तशी नोंदीची जागा नाही, म्हणून ते मुलाच्या नावामागे दडते.

गुण दुसऱ्या गोष्टीला दिले तर काय होते, हे राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने दाखवले. ग्वाल्हेरच्या विज्ञान केंद्राने सुरू केलेला हा उपक्रम 1993 पासून देशभर होऊ लागला. 10 ते 17 वयाच्या मुलांनी गटाने काम करायचे, विषय आपल्या परिसरातला घ्यायचा, मोजमापे आणि निरीक्षणे करायची आणि कामाची नोंदवही ठेवायची. इथे मॉडेलला महत्त्व नाही, नोंदवहीला आहे. गावातल्या विहिरींची पातळी मोजणाऱ्या गटाला घरच्यांची मदत लागतेच: दोर धरायला, विहिरीच्या काठावर लक्ष ठेवायला, दहा वर्षांपूर्वी पाणी कुठवर असायचे हे सांगायला. ही मदत शेतकरी बापही करू शकतो आणि अभियंता बापापेक्षा सरस करू शकतो. मुलाच्या डोक्याऐवजी ती कोणी वापरू शकत नाही.

यावर शिक्षक म्हणतील की नोंदवह्याही मोठे लिहून देतात, प्रकल्प अहवाल टंकून देणारी दुकाने आहेत. खरे आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षांनंतर कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत ठेवली आहे. पुढे या स्पर्धेसाठीही शिकवणी वर्ग निघाले. चढाओढ आहे तिथे आडवाट शोधली जाणारच, आणि कोणतीही रचना ती पूर्ण बुजवू शकणार नाही. तरी फरक राहतो. तीन महिन्यांची रोजची निरीक्षणे खोटी लिहायला मेहनत लागते, आणि ती खोटी असतील तर मुलाखतीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला मूल अडखळते. विकत आणलेल्या मॉडेलपुढे पाठ केलेल्या निवेदनाने बराच वेळ निभावता येते.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. हातांनी काही बनवणे हेही विज्ञानच. कागदी नोंदींच्या मागे लागून आपण करवत, पक्कड, सोल्डरिंग मुलांच्या हातून काढून घेणार का? अजिबात नाही. स्वस्त वस्तूंतून खेळणी करत विज्ञान शिकवण्याची परंपरा पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी जोपासली, आणि तिचे सामर्थ्य हेच की काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी मूल स्वतः जोडते, मोडते, पुन्हा जोडते. तिथे सुबकपणाला गुण नाहीत. वडिलांनी सोल्डरिंग कसे करायचे ते शिकवावे, पहिले दोन जोड करून दाखवावेत. उरलेले जोड वेडेवाकडे आले तरी ते मुलाचे असावेत, आणि परीक्षकाने ते वेडेवाकडे आहेत म्हणून गुण कापू नयेत.

घरी शिकवणारेच कोणी नाही अशा मुलाचे काय, याचे उत्तर एकट्या पालकांकडून मागता येणार नाही. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत निवड झालेल्या मुलाच्या बँक खात्यात 10,000 रुपये जमा होतात. साहित्याचा प्रश्न त्याने काहीसा सुटतो, सोबतीचा सुटत नाही. ती सोबत शाळेच्या प्रयोगशाळा सहायकाने द्यायची, तर त्या पदांवर माणसे असावी लागतात. तालुका पातळीवर मात्र उद्याही करता येईल अशी एक सुधारणा आहे: प्रवेशपत्रिकेवर एक रकाना, कोणी कोणती मदत केली हे लिहिण्यासाठी, आणि प्रामाणिकपणे लिहिलेल्या मदतीचा एकही गुण वजा होणार नाही अशी सूचना. रकान्यात खोटे लिहिले तर परीक्षकाने मुलाला मॉडेलमधली एक तार काढून पुन्हा जोडायला सांगावी. त्यासाठी परीक्षकाला प्रत्येक टेबलापाशी दहा मिनिटे थांबता येईल इतकीच टेबले सभागृहात असायला हवीत.